कुलपाच्या पुडीचा रंग

मुक्याला वाचा देणं, याहून थोर काम माणसाच्या हातून होत नसावं. जुन्या पोथ्यांत हे काम देव करतात किंवा संत करतात, आणि मग त्यांच्या नावाने देवळं उभी राहतात. माझ्या हातून ते मीरा रोडला, चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात झालं. त्यासाठी कुलपात घालायची काळी पूड, सुतारकामाचा पांढरा गोंद आणि श्रीखंडाचा रिकामा डबा लागला. हेतूही फारसा थोर नव्हता. मला धाकट्या भावाला एका वादात हरवायचं होतं.

हिवाळा संपता संपता वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. अगदी सगळं नाही. एक शब्द उरला: "चालेल." मेंदूचे डॉक्टर म्हणाले की असं होतं. कुणाचं देवाचं नाव मागे राहतं, कुणाची एखादी शिवी राहते. आमच्या वाट्याला सभ्य शब्द आला म्हणून त्यांनी माझं जवळजवळ अभिनंदनच केलं. वडिलांना कळतं किती, असं विचारल्यावर मात्र ते चष्मा पुसू लागले.

"बरंच कळत असावं," ते म्हणाले. "पण खात्री करायला मार्ग नाही."

भूक लागली? चालेल. दुखतंय? चालेल. पंखा बंद करू? चालेल. मान धड होकारात हलत नव्हती की नकारात. दोन्हीला ती तशीच एका बाजूला कलायची. डावा हात हलायचा, पण थरथरत, आणि त्यात कळ दाबण्याइतकाही जोर नव्हता. मी आवाजाच्या चढउतारावरून काही कळतं का ते बघायचे. चढउतार नव्हता.

मी शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, एकटी बाई. आई गेल्यापासून वडील माझ्याकडेच होते. झटक्यानंतर दिवसा मदतीला उत्तनहून एक मावशी येऊ लागल्या. मावशी गेल्यावर आम्ही दोघंच. जूनमध्ये एका संध्याकाळी वडील बाथरूममधल्या खुर्चीवरून घसरले आणि मला त्यांना उचलता आलं नाही. वॉचमन वर येईपर्यंत आम्ही दोघं ओल्या फरशीवर शेजारी शेजारी बसून होतो, बागेतल्या बाकावर बसावं तसे. ही गोष्ट मी भावाला सांगायला नको होती.

भाऊ ठाण्याला राहतो आणि एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. घरातसुद्धा तो बोटांवर मोजून मुद्दे सांगतो. तो वाईट मुलगा नाही, हे मला वाद हरल्यावर नेहमी आठवतं. त्याने एका वृद्ध-सेवा केंद्राचं माहितीपत्रक आणलं. कागद इतका गुळगुळीत की हातातून निसटायचा. केंद्र उत्तनच्या बाजूला होतं, आणि पत्रकात 'सागराच्या सान्निध्यात जीवनाची सुवर्णसंध्या' असं छापलेलं होतं. मावशींनी पत्ता बघितला आणि म्हणाल्या, "हां, आमच्या वाडीच्या मागंच हाय. बोंबील सुकत घालतात ना, तिथंच."

"बाबा," भाऊ वडिलांसमोर स्टूल ओढून बसला. "तिथे चोवीस तास नर्स आहे. व्यायाम आहे. समुद्र दिसतो. तिथे राहायचं?"

"चालेल," वडील म्हणाले.

भावाने माझ्याकडे बघितलं. "बघ, ताई."

"बाबा," मी म्हटलं, "हा गाढव आहे का?"

"चालेल."

मावशी पदर तोंडाला लावून आत गेल्या. भाऊ हसला नाही. "विनोदावारी नेऊ नकोस. पुढच्या रविवारी मी तिथल्या व्यवस्थापकांना घेऊन येतो. ते बाबांना समोरासमोर विचारतील. पेशंटची संमती लागते त्यांना. बाबा हो म्हणाले की फॉर्मवर अंगठा घेऊ. अजून किती दिवस तू फरशीवर बसणार आहेस?"

"त्यांना बोटाने दाखवता येतं. कागदावर हो आणि नाही लिहून ठेवते, आणि ते..."

"बोट थरथरतं. ते कुठे पडलं हे तू ठरवतेस. प्रश्न तुझा, अर्थही तुझाच."

यातलं निम्मं खरं होतं. आदल्याच दिवशी मी त्यांना विचारलं होतं, इथे बरं वाटतं ना, आणि त्यांचं बोट दोन शब्दांच्या मधोमध पडलं होतं. मी ते 'हो' धरलं होतं.

माझ्या भावाचा बोटावर विश्वास नाही. पण ज्यात दिवा लागतो अशा कुठल्याही वस्तूवर तो पूर्ण विश्वास ठेवतो. घरातल्या फिल्टरचा हिरवा दिवा बघितल्याशिवाय तो पाणी पीत नाही. तेव्हा दिवा लागला पाहिजे, हे मी त्याच संध्याकाळी ठरवलं. हातात सात दिवस होते.

वडील टेलिफोन खात्यात मेकॅनिक होते. त्यांची हत्यारांची पेटी माझ्या पलंगाखाली होती. तिच्यात तारा डागायचं सोल्डरिंग आयर्न होतं, काट्याचा जुना मीटर होता, आणि प्लास्टिकच्या डब्यांत दिवे आणि ट्रान्झिस्टर होते. लहानपणी सुट्टीत त्यांनी मला त्यातलं थोडं शिकवलं होतं, भावाला अभ्यास असायचा म्हणून. मला हवी असलेली गोष्ट सोपी होती. मांडीवर ठेवायची एक पाटी. तिच्या एका बाजूला 'हो' आणि हिरवा दिवा, दुसऱ्या बाजूला 'नाही' आणि लाल दिवा. कळ नाही, दाबणं नाही. नुसता हात टेकला की दिवा लागायचा. प्रत्येक बाजूला धातूच्या दोन पट्ट्या, एकमेकींत दात घातलेल्या दोन कंगव्यांसारख्या, पण एकमेकींना न शिवणाऱ्या. माणसाचा हात दोन्हींवर पडला की त्याच्या कातडीतून अगदी नाममात्र वीज जाते. ट्रान्झिस्टर ती वाढवतो आणि दिवा लागतो. सगळं छोट्या बॅटरीवर, त्यामुळे झटक्याची भीती नाही.

पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचे कंगवे कापून चिकटवले, ते वडिलांच्या नखांनी तासाभरात फाडले. शिवाय त्या कागदाला सोल्डर धरत नाही. वीज वाहून नेणारा रंग बाजारात मिळतो, पण तो पोचायला बारा दिवस लागणार होते. मग तो घरीच करायचा.

त्यासाठी कोळसा लागतो, एवढंच मला आठवत होतं. सोमवारी मी इस्त्रीवाल्याकडून लाकडी कोळसा आणला, खलबत्त्यात कुटला, गोंदात कालवला आणि फळीच्या तुकड्यावर फासला. छान काळाभोर दिसला. मीटरच्या दोन सुया टेकवल्या. काटा जागचा हलला नाही.

वडील खुर्चीत बसून बघत होते.

"हा कोळसा नाही का चालत?" मी त्यांना विचारलं, आणि विचारताच जीभ चावली.

"चालेल," वडील म्हणाले. मग त्यांनी डाव्या हाताने हत्यारांची पेटी स्वतःकडे ओढायचा प्रयत्न केला. मी ती मांडीवर ठेवली. बऱ्याच वेळाने त्यांनी पेन्सिलीचं एक थोटुक काढलं आणि माझ्याकडे धरलं. शिसपेन्सिलीतलं काळं म्हणजे ग्रॅफाइट. कोळशाचाच चुलत भाऊ, पण वीज नेणारा. एवढ्या पेन्सिली तासायच्या तर शाळा पुन्हा उघडावी लागली असती. पण मला आठवलं की अडकलेल्या कुलपात लोक तीच पूड घालतात.

स्टेशनच्या बाजूच्या हार्डवेअरवाल्याने विचारलं, "कुलूप जाम झालं, आंटी?"

"नहीं. वडील के लिए चाहिए."

त्याने पुडी देता देता हात आखडता घेतला. "खाने का नहीं है."

"मालूम है. कितनी पुड़िया हैं?"

"सात."

"सगळ्या द्या."

तो मराठीत आला. एवढी कुलपं कोणाच्या घरी असतात, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. "बँकेत आहात का मॅडम?"

मंगळवार आणि बुधवार प्रमाण शोधण्यात गेले. गोंद जास्त झाला की रंग चकचकीत होतो, फळीला घट्ट धरतो आणि विजेला अजिबात वाट देत नाही. पूड जास्त झाली की वीज सुरेख जाते, पण रंग वाळूच्या किल्ल्यासारखा खाली पडतो. श्रीखंडाच्या डब्यात चमच्याने मोजून मी आठ मिश्रणं केली. माझी नखं, बेसिन आणि दुधाची पिशवी काळी झाली. मावशी म्हणाल्या, "ताई, आमच्यात होडीला डांबर लावतात तवा पण एवढा काला होत न्हाय घर."

सहावं मिश्रण टिकलं. पण मीटरचा काटा जेमतेम हलत होता. मी ते पुसून टाकायला फडकं उचललं तेव्हा वडिलांनी खुर्चीच्या हातावर हात आपटला. मग तळहात गोल गोल फिरवू लागले. मला वाटलं हात दुखतोय. मी चोळायला गेले तर त्यांनी माझा हात झटकला आणि फळीकडे बघून पुन्हा तसंच गोल फिरवलं. मी चमचा उलटा करून वाळलेला रंग घासला. तो पेन्सिलीने गिरवलेल्या कागदासारखा चमकू लागला. सुया टेकवल्या. काटा अर्ध्यापर्यंत गेला.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. पूर्वी मी चुकीची तार जोडली की असेच मिटत असत.

गुरुवारी नवा शोध लागला की रंगाला तार जोडता येत नाही. सोल्डर लावला की गोंद जळतो. म्हणजे वीज नेणारा गोंदही हवा. चपला चिकटवायच्या पिवळ्या चिकट द्रावात तीच पूड, कणकेइतकी घट्ट होईल एवढी मिसळली आणि ते गोळे तारांच्या टोकांवर थापले. वासाने डोकं भणभणलं. वडिलांना गॅलरीत बसवलं, खिडक्या उघडल्या. शेजारीण येऊन विचारून गेली, काही जळतंय का. हवा दमट होती. गोळे वाळायला रात्र आणि निम्मा दिवस गेला. दर तासाला मी बोटाने चाचपून बघत होते आणि दर तासाला बोट काळं होत होतं.

शुक्रवारी दुपारी पाटी तयार झाली. मी 'हो'वर हात ठेवला, हिरवा लागला. 'नाही'वर ठेवला, लाल लागला. मावशींनी दोन्हीकडे पाळीपाळीने ठेवला. दोन्ही लागले. मावशींनी दोन-तीनदा लावून बघितले आणि म्हणाल्या, "देवाशप्पथ, हाय काहीतरी."

मग मी पाटी वडिलांच्या मांडीवर ठेवली. "बाबा, हे तुमचंच घर आहे ना?"

त्यांनी 'हो'वर हात ठेवला. हिरवा लागला नाही.

"नीट टेकवा. पूर्ण."

त्यांनी पूर्ण तळहात टेकवला. काही नाही. 'नाही'वर ठेवला. काही नाही. मी माझा हात ठेवला, लख्ख दिवा. पुन्हा त्यांचा, अंधार. पाटीत दोष असता तर तो मी शोधला असता. पण पाटीत दोष नव्हता. आणि का कोण जाणे, त्या क्षणी मला वाटलं की डॉक्टरांना न सापडलेली खात्री मला सापडली आहे. की त्या हातामागे आता कोणीच नाही, फक्त तो एक शब्द आहे. हे शास्त्राला धरून नाही हे मला माहीत होतं. दिवा मेंदूवर लागत नाही, कातडीवर लागतो. तरी मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि काही कारण नसताना नळ सोडला.

मावशींनी हाक मारली. "ताई, या. बाबा काय करतात बघा."

वडील डाव्या हाताचं बोट तोंडात घालून चाटत होते. लहान मुलासारखं नाही, सावकाश, हिशेबाने. मग त्यांनी ते बोट 'हो'च्या कंगव्यावर आडवं ठेवलं. हिरवा दिवा लागला.

मी त्यांचा तळहात हातात घेतला. तो मऊ, कोरडा आणि पांढरट होता. रोज आंघोळीनंतर मी त्यांच्या मानेला, पाठीला आणि हातांना पावडर लावत होते. म्हाताऱ्या माणसाच्या अंगाला घामाचा वास येऊ नये, कोणी भेटायला आलं तर स्वच्छ दिसावं, म्हणून. बापाला टापटीप ठेवण्याच्या नादात मी त्यांच्या हाताला विजेपासून चांगलं सुरक्षित केलं होतं. वडिलांनी आयुष्यभर खांबांवर चढून तारा तपासल्या होत्या. मीटर जवळ नसला की जुने लोक बोट ओलं करून तारेला लावत आणि लाइन जिवंत आहे का ते बघत. हे खात्याच्या नियमांत बसत नव्हतं आणि सगळे करत होते. ते माझ्याकडे बघत होते. दिवा लागलेला होता.

शनिवारी आम्ही सराव केला. मी चुकीचे आणि बरोबर प्रश्न मिसळून विचारले. त्यांनी दरवेळी बोट ओलं करून उत्तर दिलं, जुने कारकून फाइलची पानं उलटताना करतात तसं. केंद्राबद्दल मी विचारलं नाही. ते भावासमोरच विचारलं जावं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला उत्तराची भीती वाटत होती.

रविवारी अकराची वेळ ठरली होती. दहाला मी मासळी आणायला गेले, कारण भाऊ रागावलेला असला तरी जेवून जातो. परत आले तेव्हा घर लखलखत होतं. मावशींनी पलंगपोस बदलला होता, फरशी पुसली होती, वडिलांना इस्त्रीचा सदरा घातला होता. आणि पाटी पुसली होती.

"मावशी!"

"काय झाला?" त्यांच्या हातात ओलं फडकं होतं. "पाव्हणे येणार, नि बाबांच्या मांडीवर ह्या असा काला काला. बरा दिसतं का? निम्मं निघालं बघा. निम्मं लय घट्ट हाय."

पांढऱ्या गोंदाचा रंग पाण्याने सुटतो. 'हो'ची बाजू कोऱ्या लाकडासारखी स्वच्छ झाली होती. कंगव्यांच्या जागी दोन फिकट सावल्या होत्या. 'नाही'चे कंगवे जागेवर होते, पण त्यांच्या दातांमधल्या फटींत करडं पाणी पसरलेलं होतं. मी बॅटरी जोडली. कोणीही हात न लावता लाल दिवा लागला आणि लागूनच राहिला.

मावशींच्या लक्षात आलं तशा त्या खाली बसल्या. "ताई, मला वाटला मल हाय."

वडील म्हणाले, "चालेल."

फोन वाजला. भाऊ. "ताई, आम्ही वरसाव्याला अडकलोय. पुलावर ट्रेलर बंद पडलाय. अर्धा तास धर." घोडबंदर रोडबद्दल मी तोवर आणि त्यानंतर कधीही चांगलं बोललेले नाही, पण त्या अर्ध्या तासात मी त्याची ऋणी होते.

'हो' नव्याने रंगवून वाळणं शक्य नव्हतं. त्या हवेत त्याला चार-पाच तास लागले असते, आणि गरम हवा मारली की गोंदाला भेगा पडतात हे मी मंगळवारी शिकले होते. मी 'हो' सोडून दिला. केस वाळवायच्या यंत्राने 'नाही' लांबून वाळवला, आणि टाचणी घेऊन एकेक दात वेगळा करायला बसले. फटीतली करडी पूड खरवडायची, पण कंगवा उखडायचा नाही. दिवा लागलेलाच. मावशी मागे उभ्या राहून प्रत्येक दाताला "येशू" म्हणत होत्या. चार दात झाले. दिवा लागलेला. सहा झाले. मी टाचणी पुसली आणि पुन्हा वाकले. सातव्या आणि आठव्या दातामध्ये केसाएवढी करडी रेघ होती. ती काढली आणि दिवा विझला. मी बोट ओलं करून टेकवलं, लागला. उचललं, विझला.

लिफ्टचा दरवाजा वाजला.

भावाबरोबर आलेले व्यवस्थापक पन्नाशीचे, मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी वडिलांना फुलांचा गुच्छ दिला. तो कुठे ठेवायचा हे न कळून वडिलांनी तो मांडीवरच्या पाटीवर ठेवला, आणि मी तो झडप घालून उचलला. भावाने खोलीच्या मध्यभागी उभं राहून सुरुवात केली, "आज आपण सगळे बाबांच्या हिताचा विचार करण्यासाठी एकत्र जमलो आहोत." आम्ही सगळे म्हणजे पाच जण होतो. त्यातल्या मावशी माझी माशांची पिशवी धरून होत्या.

त्याचे मुद्दे संपल्यावर मी पाटीबद्दल सांगितलं. 'हो'ची बाजू बिघडली आहे, तेव्हा दिवा लागला तर नाही, न लागला तर हो.

"म्हणजे यंत्र फक्त नकार देतं," भाऊ म्हणाला.

"होकार त्यांना देता येतोच."

"सोयीचं आहे तुला."

"तसं नाही," व्यवस्थापक अनपेक्षितपणे म्हणाले. "आम्ही खात्री करू शकतो." ते वडिलांसमोर स्टूल घेऊन बसले. "आजोबा, या तुमच्या कन्या?"

"चालेल." दिवा नाही.

"आणि हे तुमचे जावई?" त्यांनी भावाकडे बोट दाखवलं.

वडिलांनी बोट चाटलं. लाल. "चालेल," ते त्याच वेळी म्हणाले.

"आज मंगळवार आहे?"

लाल.

व्यवस्थापकांनी आणखी पाच-सहा प्रश्न विचारले. एकही चुकला नाही. भाऊ खिडकीपासून पाटीपर्यंत आला. दिव्याकडे तो ज्या नजरेने बघत होता, ती नजर मी त्याच्या फिल्टरजवळ बघितली होती. पण ती बदलत गेली. चार-पाच महिन्यांत पहिल्यांदाच तो वडिलांशी बोलतोय असं मला वाटलं. त्याने व्यवस्थापकांना बाजूला केलं आणि स्टुलावर स्वतः बसला.

"बाबा. त्या दिवशी मी विचारलं होतं. समुद्राजवळचं केंद्र. तिथे जायचंय तुम्हाला?"

वडिलांनी बोट ओलं केलं. हात हवेत थरथरत राहिला. मग लाल दिवा लागला, आणि त्यांनी बोट उचललंच नाही. इतर प्रश्नांना टेकवून लगेच उचलत होते. या वेळी ते दाबून धरलं, त्या हातात जितका होता तितक्या जोराने.

"चालेल," ते म्हणत होते. "चालेल. चालेल."

भाऊ दिव्याकडून वडिलांकडे वळला. "तेव्हाही हेच म्हणत होतात का?" त्याने हळूच विचारलं. वडिलांनी बोट उचललं. दिवा विझला. व्यवस्थापकांनी फाइल बंद केली, आणि मला त्या माणसाबद्दल वाईट वाटलं, कारण ते खोलीतले एकमेव निःपक्ष श्रोते होते.

"माझ्याकडे याल? ठाण्याला?"

लाल. भावाने मान हलवली, त्याची अपेक्षा असल्यासारखी. मग तो म्हणाला, "मग ताईकडेच राहायचंय? इथे?"

हा प्रश्न मी आठवडाभर टाळला होता. वडिलांनी बोट तोंडाशी नेलं. ओलं केलं. हात पाटीवर आला आणि लाल कंगव्याच्या बरोबर वर थांबला. थरथरत होता, म्हणून तो कुठे पडणार हे कोणालाही सांगता आलं नसतं, मलाही, भावालाही. मला वाटलं, लागला तर मी काय करणार? मी त्यांना विचारलं कधी होतं? आई गेल्यावर त्यांचं सामान टेम्पोत घालून आणलं होतं, आणि तेव्हा बोलता येत असूनही ते काही बोलले नव्हते.

हात सरकला आणि पुसलेल्या बाजूवर पडला, कोऱ्या लाकडावर. दिवा लागला नाही. आम्ही चौघं तरीही वाट बघत राहिलो.

"चालेल," वडील म्हणाले.

एवढ्या खटाटोपानंतर मला जे मिळालं ते एवढंच होतं. आनंदाने नाही, मुलीच्या मायेने नाही, चालेल. मी मावशींच्या हातून मासळी घेतली आणि आत नेऊन ठेवली.

भावाने त्या दिवशी जेवताना आणखी दोनच मुद्दे मांडले. संध्याकाळनंतरसाठी एक बाई ठेवायची, आणि बाथरूममध्ये धरायला कड्या बसवायच्या. दोन्ही रास्त होते. व्यवस्थापकही जेवले. त्यांनी दारात मला विचारलं की अशा चार पाट्या त्यांच्या केंद्रासाठी करून देता येतील का, आणि मी त्यांना पुडी कुठे मिळते ते सांगितलं.

'हो'ची बाजू मी पुन्हा रंगवणार होते. राहून गेलं. तिच्यावर सध्या वडील चष्म्याचं घर ठेवतात.